मानाचा शब्द

वॉर्डनसाहेबांची एक खोड आत्याबाईंच्या डोक्यात जायची. माणूस हाताच्या अंतरावर उभा असला, डोळ्याला डोळा भिडलेला असला, तरी हा गृहस्थ तोंड उघडायचा नाही. खिशातून पेन काढायचा, चिठ्ठी लिहायचा, घडी घालायचा आणि ती दारावरच्या खिळ्याला टोचून चालता व्हायचा. काही चांगलं असलं तर तोंडानं सांगतील, तोंड भरून सांगतील. वाईट असलं की चिठ्ठी. भाजीत मीठ जास्त झालं, चिठ्ठी. मोरी तुंबली, चिठ्ठी. आणि ती तरी धड लिहावी? ती कोरियन भाषेत. एक गोल, दोन काड्या, पुन्हा गोल. आत्याबाईंनी तिसरी अर्धी टाकून चूल धरलेली. त्यांना आपली अक्षरंसुद्धा बोट लावून वाचावी लागत. ती मिठाची चिठ्ठी त्यांनी किराणा सामानाची यादी समजून चार दिवस डब्याखाली जपून ठेवली होती आणि चार दिवस भाजी खारट होत राहिली होती.

"या माणसाच्या तोंडाला फोड आलाय का गं?" त्या सुनेला म्हणाल्या.

"फोड कसला, आत्याबाई. मुलांना वाचायची सवय लागावी म्हणून लिहितात ते."

"मग मुलांना लाव म्हणावं सवय. मला अडुसष्टाव्या वर्षी कसली लावतोय? एक मरायची तेवढी राहिली आहे, ती माझी मी लावून घेईन."

इमारत तीन मजली होती. वर झोपायच्या खोल्या, मधल्या मजल्यावर वर्ग आणि वॉर्डनसाहेबांचं ऑफिस, खाली प्रार्थनेची खोली, जेवणघर आणि स्वयंपाकघर. दर तीन महिन्यांनी तिथं चौदा-पंधरा पोरं यायची, विशीतली, मिशनरी व्हायला. पांढरा शर्ट, काळी पँट, छातीवर नावाची पट्टी. बारा आठवड्यांत बायबलातली वचनं पाठ करायची, परक्याच्या दारात उभं राहून कसं बोलायचं ते शिकायचं आणि कोरियन भाषा जिभेवर बसवायची. शेवटच्या शनिवारी परीक्षा. पास झाला की दोन वर्षं कोरिया, नापास झाला की ट्रंक उचलायची आणि घर गाठायचं.

या सगळ्यांच्या पोटाची जबाबदारी आत्याबाईंवर. हाताखाली सून. मुलगा संस्थेची गाडी चालवायचा. पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्या तुकडीतल्या कुणीतरी त्यांना मावशी म्हणून हाक मारली, तेव्हा त्यांनी झारा आपटून सांगितलं होतं, "मावशी लाड करते. मला लाड जमत नाहीत. आत्या म्हणा." तेव्हापासून आत्या, आणि आत्याचं आत्याबाई. वॉर्डनसाहेब तर परवा आलेले, सहा वर्षांपूर्वी. कोरियात बारा वर्षं राहून आले होते आणि येताना तिथली शिस्त बांधून घेऊन आले होते.

त्यांचा मोठा नियम असा, की सहाव्या आठवड्यापासून आपली भाषा बंद. जेवताना बंद, जिन्यात बंद, ठेच लागली तरी 'आई गं' म्हणायचं नाही. जो बोलेल त्यानं त्या दिवशीची भांडी घासायची. आत्याबाईंनी नियम ऐकून घेतला आणि सांगून टाकलं, "उंबऱ्याबाहेर तुमचं राज्य. आत माझी चूल, माझी भाषा. मला डाळ विचारायची तर डाळच म्हणावं लागेल." साहेबांनी त्यावर चिठ्ठी लिहिली. ती काही कुणी वाचली नाही.

या खेपेच्या तुकडीत एक पोरगा होता, सगळ्यात लहान, एकोणीस पुरे झालेला. मान बगळ्यासारखी, शर्टाची कॉलर दोन बोटं मोठी. आत्याबाईंनी त्याचं नाव शेंडेफळ ठेवलं आणि मग खरं नाव पट्टीवरच राहिलं.

त्यांची ओळख झाली ती दारावरून. मधल्या मजल्याच्या बोळात एक लाकडी चौकट उभी केली होती. तिला खरं दार, खरी कडी, पण पुढेमागे घर नाही. एका बाजूला पोरगा उभा राहून ठोठावणार, दुसऱ्या बाजूला कुणीतरी घरमालक होणार. एक दिवस दोघंतिघं तापानं पडले म्हणून घरमालक कमी पडले. आत्याबाईंना वर बोलावलं. तुम्ही कोरियन आजी, असं सांगितलं. दार उघडायचं, ऐकायचं, मान हलवायची, बंद करायचं. शेंडेफळानं ठोठावलं. आत्याबाईंनी दार उघडलं, त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पाय पुसलेस का?"

"हो आत्याबाई," पोरगा बोलून गेला.

बाकीची पोरं हसली. भांडी शेंडेफळाला.

त्या दिवसापासून तो सतरांदा चुकायला लागला. आत्याबाईंना दोन दिवसांत कळलं की ही चूक नव्हे, हा मुक्काम आहे. तासभर आपल्या भाषेत बोलायला मिळावं म्हणून पोरगा चौदा ताटं आणि चार पातेली घासत होता. कमरेला कडी अडकवून शब्दांच्या चिठ्ठ्यांचा जुडगा लटकवलेला असायचा. एका हातानं ताट, दुसऱ्या हातानं चिठ्ठी. पहाटे पाचला घंटा, मग थंड पाण्याची आंघोळ, गुडघ्यावर अर्धा तास, सहा ते आठ पाठांतर, मग वर्ग, मग दार, मग पुन्हा वर्ग. इथं मोरीशी आला की तो माणसात यायचा.

"आत्याबाई, त्यांच्यात मोठ्यांशी बोलताना क्रियापदाच्या पोटात 'शी' घालतात."

"काय घालतात?"

"शी."

"मोठ्या माणसांना शी म्हणतात? चांगली रीत आहे."

"तसं नाही हो. आपण कसं, तू जेवलास, तुम्ही जेवलात. त्यांच्यात नुसता जाणारा माणूस असला तर एक, आणि जाणारे काका असले की मध्ये शी. काका जा-शी-तात."

सून पदरात तोंड खुपसून हसली. आत्याबाई म्हणाल्या, "मग माझ्या बाबतीत दोन-दोन घालत जा."

तो आपल्या आईबद्दल बोलायचा. बाप तो चालायला लागायच्या आत गेलेला. आईनं शाळेचे गणवेश शिवून पोराला वाढवलं. मिशनरी व्हायचं हे खूळ त्याचं की तिचं, हे आत्याबाईंना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पण पोरानं ते अंगावर घेतलं होतं. आईनं बेतलेल्या कॉलरीसारखं, थोडं मोठं होत असलं तरी.

फोन फक्त रविवारी दुपारी, प्रत्येकी दहा मिनिटं. मोबाइल पहिल्या दिवशीच जमा. ऑफिसच्या टेबलावरचा फोन, समोर वॉर्डनसाहेब, हातात घड्याळ. दहाव्या आठवड्यातल्या रविवारी शेंडेफळाचा फोन घरी कुणी उचलला नाही. मग त्यानं मामाला लावला. मामानं फोन आईच्या हातात दिला, दवाखान्यात. पोटाचं ऑपरेशन झालं होतं, शुक्रवारी. पोराला सांगायचं नाही असं तिनंच बजावलं होतं. आवाज असा, की विहिरीतून येतोय. ती म्हणाली, "अर्ध्यावर उठून आलास तर दार उघडणार नाही. पास हो, मग ये."

सोमवारी त्यानं ताटात भात तसाच ठेवला. मंगळवारीही. आत्याबाईंच्या राज्यात ताटात टाकणं म्हणजे देवळात थुंकणं.

"कोरियात घास भरवायला मी येऊ का?"

"घास फिरतो, आत्याबाई. आत जात नाही."

बुधवारी त्यानं भांडी घासता घासता, पाठ वळवूनच विचारलं, "जाऊ का मी घरी?"

आत्याबाई हातातलं काम थांबवून त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. खांद्यांची हाडं शर्टातून दिसत होती. त्यांना म्हणायचं होतं, जा. पण आयुष्यभर त्यांनी आपल्या मुलाला, सुनेला, येणाऱ्याजाणाऱ्याला एकच शिकवलं होतं, की आईनं सांगितलं तर ऐकायचं. आणि आई म्हणून आपला शब्द मोडलेला त्यांना कधी खपला नव्हता. मग दुसऱ्या आईचा कसा मोडायला सांगायचा?

"ती नको म्हणाली ना? मग तिचं ऐक," त्या म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला जिन्यावरून धाडधाड पावलं आली. शेंडेफळ उंबरा ओलांडून आत आला तो पंख फुटल्यासारखा. हातात चिठ्ठी.

"आत्याबाई! आई घरी गेली!"

"हळू. डाळीत पडशील. कोण सांगतंय?"

"साहेबांनी चिठ्ठी ठेवली माझ्या खणात. मामांचा फोन आला असेल." त्यानं चिठ्ठी ओट्यावर पसरली आणि बोट ठेवून वाचून दाखवायला लागला, पहिलीतलं पोर वाचतं तसं. "हे बघा. ऑमॉनिम. ऑमॉनी म्हणजे आई, निम लावलं की आईसाहेब. पुढे ऑजे, म्हणजे काल. मग हे, दोरागाश्योस्सुम्निदा. दोरागादा म्हणजे परत जाणं. आणि पोटात बघा, शी आहे. साहेबांनी माझ्या आईला शी घातलाय! आईसाहेब काल परत गेल्या."

"घरी असं कुठं लिहिलंय त्यात?"

"दवाखान्यातून माणूस परत कुठं जातो, आत्याबाई?"

आत्याबाईंना ते पुरतं पटलं नाही. पण पोरगा हसत होता. चार दिवसांनी हसत होता.

"आणि खाली काय आहे?"

"जायचं असेल तर रजा देतो, कळवा. साहेब उगाच बदनाम आहेत हो, मनानं चांगले आहेत. पण आता कशाला जाऊ? घरी गेली ना ती. मी गेलो तर दारातूनच हाकलेल. मी चिठ्ठी लिहून दिली त्यांच्या खणात, कोरियनमध्येच. मनापासून आभार, मी जाणार नाही, परीक्षेचा अभ्यास करीन." आणि मग मान खाली घालून, लाजून, "एकही चूक नसेल त्यात."

दुपारी तो जेवला. तीनदा भात मागून घेतला. आत्याबाईंनी स्वतः वाढला.

तो वर गेल्यावर सून ताटं गोळा करत होती. एक ताट हातात धरून ती उभीच राहिली.

"आत्याबाई, आपल्यातही म्हणतातच ना, गेल्या म्हणून."

"जीभ आवर."

"नाही, मी आपलं म्हटलं. काल गेल्या, असं आपण—"

"अभद्र बोलू नकोस म्हटलं ना! उचलली जीभ लावली टाळ्याला. पोरगं आत्ता कुठं जेवून उठलंय. त्या भाषेत त्याला जास्त कळतं की तुला?"

सून मोरीशी वळली. ताटं घासली गेली. आत्याबाई मात्र दुपारभर कढई नको तितकी घासत बसल्या. वर जाऊन साहेबांना एक शब्द विचारला असता तर काय बिघडत होतं? जिना बावीस पायऱ्यांचा, गुडघे धरलेले, हे झालं निमित्त. खरं कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या माणसापुढं उभं राहून 'तुम्ही काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा' म्हणायचं, हे त्यांच्यानं होणार नव्हतं. तिसरी अर्धी टाकलेल्या बाईला सगळं चालतं, पण अडाणी म्हणून कुणाच्या दारात उभं राहणं चालत नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेत प्रत्येकानं एकेक आभार मानायचे असतात. आत्याबाई जेवणघरात ताटं मांडत होत्या. भिंतीपलीकडून शेंडेफळाचा आवाज आला, कोरियनमध्ये, स्पष्ट, न अडखळता. त्यातला ऑमॉनी तेवढा त्यांना कळला.

शुक्रवारी सकाळी, घड्याळात पावणेअकरा होत असताना, वॉर्डनसाहेब स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले. चिठ्ठी नव्हती. तोंड उघडलं, म्हणजे काहीतरी चांगलं असणार.

"आत्याबाई, आज त्या मुलासाठी जेवणात काही वेगळं करा."

"कुठल्या?"

"तुमच्या शेंडेफळासाठी." साहेबांचे डोळे ओले होते. "मी कालपासून त्याला बघतोय. चिठ्ठी वाचली तेव्हापासून एक टिपूस नाही. वर्गात पहिला हात त्याचा. काल प्रार्थनेत सगळ्यांसमोर त्यानं आईबद्दल आभार मानले. आभार, आत्याबाई! मी मुलांना सांगितलं, त्याच्याशी याबद्दल कुणी बोलू नका, त्याचा विश्वास ढळू देऊ नका. माझ्याच्यानं हे झालं नसतं. अकराला तिकडे तिची माती आहे आणि हा वर बसून क्रियापदं चालवतोय."

आत्याबाईंच्या हातातला झारा पातेल्यात गेला. त्यांनी तो काढला नाही.

"कुणाची माती?"

"त्याच्या आईची. परवा रात्री वारल्या. तुम्हाला बोलला नाही तो?"

"त्याला ठाऊक नाही."

"असं कसं? त्यानं लेखी उत्तर दिलंय. मी जाणार नाही म्हणून."

"साहेब, त्याला वाटतंय ती दवाखान्यातून घरी गेली." आत्याबाई म्हणाल्या. "त्याच्या गावाला जायला गाडीनं नऊ तास लागतात. काल अकराला तुम्ही तोंडानं सांगितलं असतं तर रात्री आठला तो तिच्या उशाशी असता."

साहेब म्हणाले, "पण शब्द तर—" आणि थांबले.

त्या बावीस पायऱ्या आत्याबाई कशा चढल्या ते त्यांना नंतर आठवलं नाही. वर्गात चौदा पोरं एका सुरात काहीतरी घोकत होती. फळ्यावर गोल आणि काड्या. त्यांनी न विचारता दार ढकललं, शेंडेफळाचं मनगट धरलं आणि त्याला बोळात आणलं. बोळात ते खोटं दार उभं होतं, त्याच्याशी.

वाटेत त्यांनी मनात चार वाक्यं जुळवली होती. देवानं बोलावलं, सुटली बिचारी, असली. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांनी ती सगळी टाकून दिली.

"बाळा, तुझी आई वारली. परवा रात्री. दवाखान्यात."

तो हसला. त्यांची कीव आल्यासारखा हसला. "नाही आत्याबाई. तुमचा गोंधळ झाला. मरणं वेगळं, चुक्ता. हे दोरागादा. परत जाणं. ते आम्ही चौथ्या आठवड्यातच शिकलो. त्यात साहेबांनी 'शी'—" आणि बोलता बोलता तो शब्दाच्या मधोमध थांबला, पायरी चुकावी तसा.

"काय?"

"बाईंनी सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला. भाषा शिकवणाऱ्या कोरियन बाई आठवड्यातून तीनदा यायच्या. "मोठ्यांचं जेवणं, झोपणं, आणि... असे काही शब्द साधे राहत नाहीत. मानाचे वेगळे असतात. ते अकराव्या आठवड्यात घेऊ म्हणाल्या."

हा दहावा चालू होता.

जिन्याच्या तोंडाशी वॉर्डनसाहेब येऊन उभे होते. शेंडेफळानं त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, कोरियनमध्ये. दहा आठवड्यांची सवय, ती त्या घटकेलाही सुटली नाही. वाक्य सरळ आलं असावं, कारण साहेबांना ते लगेच कळलं. त्यांनी मान हलवली. तेवढंच. तोंड तेव्हाही उघडलं नाही.

आत्याबाईंनी पोराला ऑफिसात नेलं, खुर्चीत बसवलं आणि फोन त्याच्यापुढे ओढला. रविवार नव्हता. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मामानं फोन उचलला. जुना फोन, आवाज बाहेर यायचा.

"बोल."

"मामा—"

"मिळाला तुझा निरोप. येणार नाही म्हणालास. बरं झालं कळवलंस, नाहीतर तुझ्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबणार होतो आम्ही."

"मामा, मला कळलंच नव्हतं."

"काय कळलं नव्हतं? मी स्वतः फोन केला तुझ्या साहेबांना. त्यांनी उलट फोन करून सांगितलं, मुलाला कळवलंय, त्याचा निर्णय पक्का आहे, तुम्ही अभिमान बाळगा. अभिमान! शेवटी शेवटी तुझंच नाव घेत होती रे ती."

"मामा, चेहरा... एकदा फोनवरून कुणी—"

"पेटी बंद झाली."

मागे माणसं चालल्याचा आवाज येत होता. खडीवर बरीच पावलं.

"आता येऊ नकोस," मामा म्हणाला. "तिकडेच राहा. तिला पाहिजे होतं ना, मोठा मिशनरी झालेला? हो मग." आणि फोन ठेवला.

शेंडेफळ रडला नाही. फोन कानाला तसाच धरून बसला. आत्याबाईंनी तो हातातून सोडवून घेतला, तेव्हा त्यानं त्यांच्याकडे पाहिलं.

"काल मी जेवलो, आत्याबाई. तीनदा मागून घेतलं."

वाढलं आत्याबाईंनीच होतं.

पुढची कामं त्यांनी केली, कारण कामं करता येत होती. आपल्या मुलाला हाक मारून गाडी काढायला लावली. "स्टँडवर नुसता सोडून येऊ नकोस. त्याच्याबरोबर बस, त्याच्या दारापर्यंत जा. मामा अंगावर आला तर मध्ये उभा राहा आणि सांग, पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. इथली गाडी बघू कोण चालवतं ते." सुनेनं वर जाऊन दोन शर्ट पिशवीत भरले. आत्याबाई तिला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "तू काल बरोबर बोललीस." एवढं त्यांनी सुनेला पंधरा वर्षांत म्हटलं नव्हतं. सून ओठ चावून खाली गेली.

पोरगा गाडीत बसला. वर्गातली तेरा पोरं खिडक्यांना लागून उभी होती. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. आपल्या भाषेत बोलायची बंदी, आणि दुसऱ्या भाषेत असल्या वेळी काय म्हणतात ते अजून कुणी शिकलं नव्हतं. गाडी वळली. परीक्षेला तो परत येईल का, हे कुणी विचारलं नाही. आत्याबाईंना त्याचं उत्तर त्याच्या खाली पडलेल्या मानेवरून कळलं होतं.

त्या परत वर गेल्या. या खेपेला पायऱ्या मोजत, कठडा धरत. वॉर्डनसाहेब ऑफिसात टेबलाशी बसले होते. समोर कोरा कागद होता. त्यांनी आत्याबाईंना बघून तो बाजूला सारला.

"शब्द बरोबर होता, आत्याबाई," ते म्हणाले. आवाज बसलेला होता. "त्या भाषेत मोठ्या माणसाच्या मरणाला तोच मानाचा शब्द आहे. दुसरा वापरला असता तर तिच्या आईपणाचा अपमान झाला असता. मला वाटलं, त्याला कळेल. मला वाटलं, एवढं त्याला येत असेल."

"येत नव्हतं."

"मला कसं ठाऊक असणार?"

"तोंडाकडे बघून. तोंडानं सांगणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, साहेब. तुम्ही बघितलं असतं तर पोरगं हसतंय हे दिसलं असतं, आणि आई मेल्यावर कुणी असं हसत नाही हे कळायला कोरियाला जावं लागत नाही."

आत्याबाईंना कुणी बस म्हटलं नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. ज्या खुर्चीत पोरं रविवारी बसतात त्या. फोन उचलून त्यांनी साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

"मी शिकलेली नाही, म्हणून सरळ बोलते. तुम्ही दुष्ट नाही. दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही भित्रे आहात. पोराला 'आई मेली' म्हणताना आपली जीभ अडखळेल, त्याचं रडणं आपल्याला बघावं लागेल, म्हणून तुम्ही परका शब्द आणलात आणि त्याच्या आड उभे राहिलात. वर त्याला मान म्हणालात. त्या बाईला तुमचा मान नको होता, तिला तिचा मुलगा हवा होता. यात माझाही वाटा आहे. मला काल शंका आली होती आणि माझ्या ताठ्यानं मी हा जिना चढले नाही. माझा वाटा मी घेऊन जाईन, वर विचारलं तर तिथंही सांगेन. तुमचा तुम्ही घ्या. त्याच्या मामाला फोन लावा. आपल्या भाषेत सांगा की मुलगा नाही म्हणाला नव्हता, त्याला मी सांगितलंच नव्हतं. तो शिव्या देईल, त्या ऐका. रडेल, तेही ऐका. आणि त्यानं ठेवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मी इथंच बसले आहे."